दुदुकला रडायला कोणी शिकवले?

ड्रम मशीनचा कोरडा ठोका सुरू होतो. त्यावर बास गिटार एकच वळण पुन्हापुन्हा घेत राहते, सिंथेसायझरचा सूर मागे धुक्यासारखा पसरतो, आणि गाणाऱ्याने तोंड उघडण्याआधीच एक लाकडी, ओलसर, किंचित नाकातला आवाज आत येतो. हा दुदुक. येरेवान, मॉस्को, लॉस एंजेलिस अशा ठिकाणच्या आर्मेनियन संगीतकारांनी गेल्या काही दशकांत आपली पारंपरिक वाद्ये रॉकमध्ये आणली. त्यातले काही जण डार्क वेव्ह या रॉकच्या काळोख्या शाखेकडे वळले. अशा संगीताबद्दल लिहिताना एक वाक्य हमखास येते: हजारो वर्षांची प्राचीन वेदना इथे आधुनिक आवाजाला भेटते. ऐकायला वाक्य छान आहे, पण त्यातला जवळपास प्रत्येक शब्द तपासून घ्यावा असा आहे. आज आपण ऐकतो तो दुदुक बऱ्याच अंशी विसाव्या शतकात घडलेला आहे. त्याची वेदना हा त्याच्या भांडारातून निवडून घेतलेला एक भाग आहे. आणि डार्क वेव्हशी त्याची ‘भेट’ म्हणावी, तर दोघांची ओळख करून देणारी माणसे तीच होती. या बँडच्या हाती परंपरेतले खरोखर जुने असे काही लागले असेल, तर ती वेदना नसून एक रचना आहे. तिला आर्मेनियात ‘दम’ म्हणतात.

आधी वाद्य पाहू. दुदुक हा जर्दाळूच्या लाकडाचा नळा. लांबी साधारण २८ ते ४० सेंटिमीटर, पुढच्या बाजूला आठ भोके आणि मागे अंगठ्यासाठी एक. आर्मेनियन भाषेत त्याला ‘त्सिरानापोख’ असेही नाव आहे, त्यातला ‘त्सिरान’ म्हणजे जर्दाळू. या फळाच्या शास्त्रीय नावातही आर्मेनिया आहे, त्यामुळे वाद्याला राष्ट्रीय मान मिळवून देताना लाकडाचा उपयोग झाला नसता तरच नवल. तोंडाशी बसते ती दुहेरी पत्ती, ‘घामिश’. अराक्स नदीकाठच्या बोरूची नळी एका टोकाला चपटी करून ती बनवतात. सनईच्या पत्तीच्या मानाने ती फारच मोठी आणि रुंद असते. सनई खाली कर्ण्यासारखी रुंदावत जाते, दुदुकचे पोट मात्र वरपासून खालपर्यंत सारख्याच व्यासाचे असते. या एका फरकातून त्याचा सगळा स्वभाव निघतो. एका टोकाला पत्ती असलेला सरळ नळा आपल्या लांबीच्या मानाने बराच खालचा सूर देतो, म्हणून हातभर लांबीचे हे वाद्य एवढे घनगंभीर बोलते. अशा नळ्यात विषम क्रमांकाच्या उपस्वरांना अधिक वजन मिळते. क्लॅरिनेटचा गोलवा येतो तो याच कारणाने. सिंथेसायझरमधली चौकोनी तरंगाची जी मूलभूत ध्वनिरचना आहे, तिच्यातही फक्त विषम उपस्वरच असतात. ही गोष्ट लक्षात ठेवावी, पुढे तिचे काम आहे.

दुदुक सहसा एकट्याने वाजत नाही. दोघे वाजवणारे असतात. एक जण धून खुलवतो, दुसरा षड्जासारखा एकच सूर अखंड धरून बसतो. गालात हवा साठवायची, ती पत्तीत सोडत असतानाच नाकाने नवा श्वास आत घ्यायचा, त्यामुळे सूर कुठेच तुटत नाही. या धरलेल्या सुराला ‘दम’ म्हणतात आणि तो धरणाऱ्याला ‘दमकश’. मराठी वाचकाला इथे शब्दकोश उघडावा लागणार नाही. फारसीतला हा ‘दम’ म्हणजे श्वास. आपण ‘दम धरा’ म्हणतो, कुणाची ‘दमछाक’ होते, तिथे आहे तोच हा शब्द. सनई पार्टीतही एक जण नुसता सूर धरून बसलेला असतो, लग्नमंडपात त्याच्याकडे कुणी बघत नाही. फारसी ‘सुरनाय’च्या कुळातली सनई आणि आर्मेनियाचा ‘झुर्ना’ ही भावंडे, तिथल्या ढोलाचे नावही ढोलच. म्हणून दुदुक आपल्याला दूरचा वाटला तरी अनोळखी वाटू नये. खुद्द ‘दुदुक’ हे नाव तुर्कीतल्या शिट्टी या अर्थाच्या शब्दावरून आलेले आहे. शेजारी अझरबैजानात आणि इराणात याच जातीचे वाद्य ‘बालाबान’ म्हणून वाजते, पूर्व तुर्कस्तानात ‘मेय’ म्हणून, जॉर्जियात ‘दुदुकी’ म्हणून. युनेस्कोने २००५ मध्ये आर्मेनियन दुदुक-संगीताला मानवजातीच्या अमूर्त वारशाचा मान दिला. पुढे २०२३ मध्ये अझरबैजान आणि तुर्कस्तान यांनी मिळून बालाबान आणि मेय यांची नोंद वारसायादीत करून घेतली. सीमा बंद असलेल्या देशांमध्ये नळा एकच आहे, दाखले मात्र दोन.

या वाद्याचे मूळ काम काय होते? युनेस्कोच्या नोंदीतच उत्तर आहे: गाणी आणि नृत्ये, लग्ने आणि अंत्ययात्रा. उघड्यावर, गर्दीत, वरातीत झुर्ना लागतो कारण तो कर्कश आहे आणि दूरवर पोहोचतो. घरात, ओसरीवर, जेवणावळीत दुदुक चालतो. दोन दुदुक आणि एक ढोल असा संच नाचायला पुरेसा असतो. आपल्याकडे सनई म्हणजे मंगल असे समीकरण पक्के झाले आहे, तसे दुदुकचे कोणत्याही एका भावनेशी लग्न लागलेले नव्हते. वाजवणारा कारागीर होता, ज्या घरातून बोलावणे येईल त्या घराचा प्रसंग तो वाजवी. सोव्हिएत काळात अशा वाजंत्र्यांची कामे कलाकामगारांच्या संघटनेमार्फत चालत. ‘कलाकामगार’ या अर्थाच्या दोन रशियन शब्दांच्या आद्याक्षरांतून ‘राबिज’ असा शब्द निघाला. पुढे तो शहरी लग्नकार्यांत वाजणाऱ्या, नखरेल, वळणावळणाच्या संगीताचे नाव बनला आणि सुशिक्षितांच्या तोंडी शिवीसारखा वापरला जाऊ लागला. राबिजवरचा मुख्य आरोप असा की त्यात तुर्की-अरबी वळणे फार आहेत, ते ‘आपले’ नाही. गंमत अशी की दुदुक या नाकारलेल्या संगीतातही वाजत होता आणि राष्ट्रीय ठेवा म्हणूनही वाजत होता. म्हणजे वाद्यात शुद्ध-अशुद्ध काही नव्हते, ऐकणाऱ्याने ते ठरवले.

आता ‘हजारो वर्षे’. युनेस्कोची नोंद दुदुक-संगीताची मुळे इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकातल्या तिग्रान महान या राजाच्या काळापर्यंत नेते. सरळ पोटाची, मोठ्या दुहेरी पत्तीची वाद्ये फार जुनी आहेत यात शंका नाही. चीनचा ‘ग्वान’, जपानचा ‘हिचिरिकी’, कोरियाचा ‘पिरी’ ही सगळी त्याच गोत्रातली. पण वाद्याचे गोत्र जुने असणे वेगळे आणि आज कानावर पडणारा आवाज जुना असणे वेगळे. १९२० च्या अखेरीस आर्मेनिया सोव्हिएत झाला. विसाच्या-तिसाच्या दशकांत वार्दान बुनी यांनी लोकवाद्ये ‘सुधारायला’ घेतली. वाद्यवृंदात व्हायोलिन, व्हिओला, चेलो असे लहानमोठे सभासद असतात तशी दुदुकचीही लहानमोठी भावंडे तयार झाली. स्वरस्थाने युरोपीय समान अंतरांच्या सप्तकाशी जुळवली गेली. १९२६ मध्ये रेडिओचा लोकवाद्यवृंद उभा राहिला, त्याच्याशी अराम मेरांगुल्यान यांचे नाव कायमचे जोडले गेले. १९३८ मध्ये तातुल आल्तुन्यान यांनी गायन-नृत्याचा सरकारी संच स्थापन केला. आपल्याकडे याच सुमारास, १९४० मध्ये, आकाशवाणीने हार्मोनियमला बाहेर काढले, कारण तिचे ठोकळेबाज स्वर आपल्या श्रुतींत बसत नाहीत. येरेवानच्या रेडिओवर उलटे घडले. तिथे ठोकळेबाज स्वर आत आले आणि वाद्य त्यांच्यात बसवले गेले.

या फेरबदलाचे मोल पैशात वा कलेत कसेही मोजा, एक गोष्ट त्यातून नक्की झाली. दुदुक ओसरीवरून उठून मंचावर आला. दहा-वीस माणसांच्या खोलीत, ढोलासोबत, खाण्यापिण्याच्या गलबल्यात वाजणारे वाद्य आता मायक्रोफोनसमोर, शांत सभागृहात, निवेदकाने नाव घेतल्यावर वाजू लागले. शांततेत संथ चिजाच अधिक उठून दिसतात. मायक्रोफोनला जवळचा श्वास आवडतो. लेव्होन मादोयान, वाचे होव्सेप्यान यांच्यासारख्या वादकांनी जी एकल वादनाची शैली घडवली ती या परिस्थितीत वाढली. सोलाक या गावात १९२८ मध्ये जन्मलेले जिवान गास्पार्यान हे त्यांच्या पुढचे. १९४८ मध्ये ते आल्तुन्यान यांच्या संचात दाखल झाले. म्हणजे ज्यांच्यामुळे पुढे पश्चिमेला ‘खेड्यातला प्राचीन आवाज’ ऐकू आला, ते सरकारी मंचावर वाढलेले वादक होते. यात त्यांचे काही उणे होत नाही. उलट, एवढी सफाई, दमावरचा असा ताबा व्यावसायिक वातावरणाशिवाय आला नसता.

मग वेदना कुठून आली? इथे पहिला आक्षेप घ्यायला वाचक पुढे सरसावेल, आणि तो घ्यायलाच हवा. ज्या लोकांनी १९१५ मध्ये ऑटोमन साम्राज्यातला आर्मेनियनांचा संहार पाहिला त्यांच्या संगीतात शोक नसेल तर कुणाच्या असेल? कोमितास हे आर्मेनियन लोकगीतांचे सर्वांत मोठे संग्राहक. २४ एप्रिल १९१५ रोजी कॉन्स्टँटिनोपलमध्ये पकडलेल्या बुद्धिजीवींत तेही होते. ते जिवंत परतले, पण मनाने सावरले नाहीत आणि १९३५ मध्ये पॅरिसमध्ये त्यांचा अंत झाला. त्यांनी जमवलेली गाणी वाजवताना हा इतिहास बाजूला ठेवणे कुठल्याच आर्मेनियन माणसाला शक्य नाही. हे सगळे मान्य आहे. पण गाण्यांकडे बघा. दुदुकवर आज शोकगीत म्हणून सर्वांत जास्त वाजते ते ‘द्ले यामान’. कोमितासांनी टिपलेले हे गाणे शब्दांनी प्रेमगीत आहे. ‘क्रुंक’ म्हणजे क्रौंच हे गाणे पोटासाठी परमुलखात गेलेल्या माणसाचे, आणि ते संहाराच्या कितीतरी आधीपासून गायले जात होते. विरहाच्या गाण्यांवर मरणाचा अर्थ नंतर चढला. तो चढण्यालाही तारखा आहेत. सोव्हिएत काळात बरीच वर्षे या विषयावर जाहीरपणे बोलता येत नव्हते. २४ एप्रिल १९६५ रोजी येरेवानमध्ये प्रचंड मोर्चा निघाला, त्यानंतर दोन वर्षांत त्सित्सेर्नाकाबेर्दच्या टेकडीवर स्मारक उभे राहिले. ज्या दशकात शोकाला जाहीर जागा मिळाली, त्याच सुमारास एकल दुदुकला ध्वनिमुद्रिकेत जागा मिळत होती. शोक खरा होता, त्यात शंका नाही. माझे म्हणणे एवढेच की दुदुक हे त्याचे एकमेव वाहन आहे आणि तो शोक हाच दुदुकचा एकमेव मजकूर आहे, ही जोडी नवी आहे.

या जोडीवर पश्चिमेने शिक्का मारला, आणि कसा मारला ते पाहण्यासारखे आहे. १९८३ मध्ये सोव्हिएत कंपनी मेलोदियाने गास्पार्यान यांची एक तबकडी काढली. तिचे नाव ज्या गाण्यावरून आले ते अठराव्या शतकातल्या सायात-नोवा या कवी-गायकाचे, या जगात मी उसासा ओढणार नाही अशा अर्थाचे. पुन्हा प्रेमगीतच, आणि तेही दुःख नाकारणारे. ब्रिटिश संगीतकार ब्रायन ईनो यांना ती तबकडी मॉस्कोत मिळाली आणि १९८९ मध्ये त्यांनी ती आपल्या लेबलवरून पश्चिमेत आणली. मधल्या काळात, डिसेंबर १९८८ मध्ये, उत्तर आर्मेनियात भूकंप होऊन सुमारे २५ हजार माणसे मेली होती आणि आर्मेनिया हे नाव जगभर वर्तमानपत्रांच्या पहिल्या पानावर होते. ज्या श्रोत्यांना भाषा येत नाही, गाण्याचा विषय माहीत नाही, त्यांनी त्या संथ, एकट्या आवाजाला काय समजावे? त्यांनी विलाप समजला. १९८९ मध्येच ब्रिटिश गायक पीटर गॅब्रिएल यांचा ‘पॅशन’ हा संग्रह आला. येशूच्या अखेरच्या प्रलोभनावरच्या मार्टिन स्कॉर्सेसी यांच्या चित्रपटासाठी रचलेले ते संगीत दुदुकनेच सुरू होते. यानंतर हॉलिवूडला जणू एक बटण सापडले. २००० साली ‘ग्लॅडिएटर’मध्ये रोमन सेनापतीच्या दुःखासाठी गास्पार्यान यांचा दुदुक वाजला, २००४ मध्ये मेल गिब्सन यांच्या ‘द पॅशन ऑफ द ख्राइस्ट’मध्ये यहुदियाच्या टेकड्यांसाठी, आणि ‘बॅटलस्टार गॅलॅक्टिका’ या मालिकेत तर अंतराळयानासाठी. जॉर्डनच्या वाळवंटापासून दुसऱ्या आकाशगंगेपर्यंत कुठेही प्राचीन दुःख हवे असले की जर्दाळूचा नळा. आर्मेनिया मात्र यांतल्या एकाही कथेत नव्हता.

आता डार्क वेव्हच्या घरात डोकावू, म्हणजे दोन्ही घरांतले पाहुणे तेच कसे ते दिसेल. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस ब्रिटनमध्ये पंकचा आरडाओरडा ओसरला आणि काही जणांनी तोच कोरडेपणा संथ, खोल, अंधाऱ्या वळणाने मांडायला घेतला. बाउहाउस, सुझी अँड द बँशीज, द क्युअर, जॉय डिव्हिजन ही त्यातली मोठी नावे. ऐंशीच्या दशकात युरोपात या वळणाला डार्क वेव्ह म्हणू लागले. जॉय डिव्हिजनचे आधीचे नाव ‘वॉर्सा’ होते. ते डेव्हिड बोवी यांच्या १९७७ सालच्या ‘लो’ या संग्रहातल्या एका रचनेवरून घेतलेले, आणि त्या रचनेचे सहकर्ते होते ब्रायन ईनो. म्हणजे डार्क वेव्हच्या पाळण्याशी जो माणूस उभा होता तोच बारा वर्षांनी दुदुकला हाताला धरून पश्चिमेत घेऊन आला. पुढचा दुवा १९९४ चा. ‘द क्रो’ हा चित्रपट गॉथ तरुणाईने डोक्यावर घेतला. त्याच्या गाण्यांत द क्युअर होते, जॉय डिव्हिजनच्या एका गाण्याची नवी आवृत्ती होती. ग्रेम रेव्हेल यांनी केलेल्या पार्श्वसंगीतात दुदुक होता, आणि हे रेव्हेल स्वतः एसपीके या औद्योगिक आवाजाच्या बँडमधून आलेले. तिसरा दुवा सगळ्यांत ठळक. मेलबर्नमध्ये १९८१ साली निघालेला डेड कॅन डान्स हा बँड लंडनला जाऊन फोरएडी या लेबलवर डार्क वेव्हचे एक शिखर ठरला. त्याची गायिका लिसा जेरार्ड हान्स झिमर यांच्यासोबत ‘ग्लॅडिएटर’च्या संगीताची सहकर्ती आहे. तिचा आवाज आणि गास्पार्यान यांचा दुदुक एकाच ध्वनिपटावर आहेत. तेव्हा येरेवानमधल्या एखाद्या तरुणाने डार्क वेव्हमध्ये दुदुक घातला तर तो दोन परक्यांची गाठ घालत नसतो. त्याच्या कानावर ते दोघे लहानपणापासून एकत्रच पडलेले असतात, बहुधा सिनेमागृहात.

घरचा रॉकही रिकामा नव्हता. सत्तरच्या दशकात येरेवानमध्ये वास्तुविशारद-गायक आर्थर मेस्चियान यांचा ‘आराक्याल्नेर’ म्हणजे प्रेषित हा बँड होता. नावातच सोव्हिएत नास्तिकतेला चिमटा आहे. १९७८ मध्ये लेनिनाकानमध्ये, म्हणजे आजच्या ग्युमरीत, ‘बांबिर’ निघाला. त्याने लोकसंगीत आणि रॉक यांची सांगड घातली, आणि पुढे त्याच नावाने पुढची पिढी उभी राहिली. स्वातंत्र्यानंतरची पहिली वर्षे आर्मेनियात ‘काळोखी-थंडीची वर्षे’ म्हणून ओळखली जातात. मेत्सामोरची अणुभट्टी भूकंपानंतर बंद झालेली, अझरबैजानशी कराबाखचे युद्ध, दोन बाजूंच्या सीमा बंद, आणि वीज दिवसाला एखाद-दोन तास. १९९५ मध्ये भट्टी पुन्हा सुरू झाली तेव्हा कुठे दिवे स्थिरावले. त्या वर्षांत वाढलेल्या मुलांना अंधार ही संगीतातली फॅशन म्हणून बाहेरून आणावी लागली नाही, एवढे अनुमान करायला हरकत नसावी. स्थलांतरितांकडे चित्र वेगळे होते. लॉस एंजेलिसजवळच्या ग्लेंडेलमध्ये १९९४ साली निघालेल्या सिस्टम ऑफ अ डाउनने २००१ च्या ‘टॉक्सिसिटी’च्या शेवटी आर्तो तुंचबोयाजियान यांच्यासोबत चर्चमधल्या एका प्रार्थनेवर आधारलेला तुकडा ठेवला. याच बँडचे गायक सेर्ज तांकियान आणि आर्तो यांनी २००३ मध्ये ‘सेरार्ट’ हा प्रयोगही केला. मॉस्कोत ‘देती पिकासो’ने आर्मेनियन लोकगीते रॉकच्या खडबडीत अंगाने गायली. या सगळ्यांत एक गोष्ट लक्षात येण्यासारखी आहे: ज्यांचे काम टिकले त्यांनी दुदुकचा उसासा सजावटीसारखा चिकटवला नाही. कुणी चर्चच्या धुनेकडे गेले, कुणी लोकगीताच्या तालाकडे. सजावटीचा उसासा कसा दिसतो ते बघायचे तर २०१० च्या युरोव्हिजनकडे बघावे. आर्मेनियाचे गाणे जर्दाळूच्या बीवर होते आणि ऐंशी ओलांडलेले गास्पार्यान स्वतः ओस्लोच्या मंचावर दुदुक घेऊन बसले होते. स्पर्धेत सातवा क्रमांक आला. प्रतीक म्हणून ते चोख होते, संगीत म्हणून दुदुकला तिथे फारसे काम नव्हते.

दुसरा आक्षेप शुद्धतावाद्यांचा. त्यांचे म्हणणे, गिटार आणि सिंथेसायझर समान अंतराच्या सप्तकात जखडलेले. दुदुकच्या बोटांखाली, ओठांच्या दाबाने जी बारीक मींड निघते ती त्यांच्या शेजारी चिरडून जाते. रॉकने वाद्याचा जीव घेतला. हा आक्षेप वजनदार आहे, पण आरोपी चुकीचा पकडला आहे. समान अंतरे रॉकने आणली नाहीत, ती बुनींच्या पिढीने आणली, आणि सरकारी वाद्यवृंदाने त्यात भर घातली ती युरोपीय संवादी स्वरांची. एका धुनेखाली दर मात्रेला बदलणारे स्वरसमूह आले की धुनेला त्यांच्या शिस्तीत चालावे लागते. दमाला मग जागाच उरत नाही. याउलट डार्क वेव्हची घडण कशी आहे? स्वरसमूह मोजके, बास एका सुराभोवती घुटमळणारी, सिंथेसायझरचा एकच सूर मिनिटभर पसरलेला, लय संथ, आणि भोवती रिकाम्या देवळासारखी गुंज. ही दमाचीच घडण आहे. आर्मेनियन चर्चमध्ये स्तोत्रे गाताना काही गायक एकच सूर धरून उभे असतात, त्या घडणीशीही तिचे जुळते. मघाशी सांगितलेले विषम उपस्वर इथे कामाला येतात: चौकोनी तरंगाचा सूर दुदुकच्या दमाशी असा मिसळतो की कुठे लाकूड संपले आणि कुठे विजेचे यंत्र सुरू झाले ते चटकन कळत नाही. तेव्हा लोकवाद्यांच्या सरकारी मेळ्यापेक्षा काळ्या कपड्यांतला रॉक बँड दुदुकच्या जुन्या चालीशी अधिक इमान राखून असू शकतो. हे विधान येरेवानच्या काही ज्येष्ठांना रुचणार नाही, पण कानाने तपासून पाहता येईल असे ते आहे.

तिसरा आक्षेप माझ्याच युक्तिवादावर उलटणारा. सगळेच जर विसाव्या शतकात घडले, शोकही, स्वरही, एकल वादनही, तर परंपरा म्हणून उरते काय? आणि काहीच उरत नसेल तर बँडने दुदुक घेतला काय नि सॅक्सोफोन घेतला काय? याचे उत्तर असे की बदललेल्या गोष्टी आणि न बदललेल्या गोष्टी वेगळ्या काढता येतात. वापर बदलला, श्रोता बदलला, स्वरस्थाने काही प्रमाणात बदलली, अर्थ तर पूर्णच बदलला. लाकूड, पत्ती, नाकाने घेतलेला श्वास, आणि एकाने धरायचे व दुसऱ्याने फिरायचे ही कामाची वाटणी बदलली नाही. म्हणून बँडकडे पाहताना विचारायचा प्रश्न ‘हे अस्सल आहे का’ असा नसावा. त्यांनी दुदुककडून काय घेतले, असा असावा. फक्त उसासा घेतला असेल तर तो आर्मेनियातून न घेता हॉलिवूडमधून परत आणला आहे. वाटणी घेतली असेल, म्हणजे बास किंवा सिंथेसायझर दमकशाच्या जागी बसला असेल आणि दुदुकला त्याच्यावर भटकायला मोकळीक असेल, तर ते आपल्या ओसरीवरच आहेत. आणि त्या दुदुकने मधूनच ढोलाच्या अंगाने नाचाची धून काढली, तर डार्क वेव्हच्या श्रोत्याला क्षणभर चुकल्यासारखे होईल, पण वाद्याच्या अर्ध्या आयुष्याची भरपाई होईल. अंधाऱ्या संगीतावर नाचायचे ही तर गॉथ क्लबांचीही रीत आहे, त्यामुळे ही अडचण वाटते तेवढी मोठी नाही.

एक गोष्ट मात्र या नव्या मांडणीत खरोखर हरवते आहे, आणि तिच्याबद्दल शुद्धतावादीही फारसे बोलत नाहीत. शिकाऊ वादक पूर्वी उस्तादाच्या मागे दम धरून शिकत असे. धून त्याला वाजवायची नसे. तासन्‌तास एकच सूर सांभाळत तो उस्तादाची प्रत्येक हरकत जवळून ऐके. लग्नघरात ही दोन माणसांची बिदागी होती. युनेस्कोनेही नोंदवले आहे की गावच्या समारंभांतून दुदुक कमी होत चालला आणि व्यावसायिकांच्या मंचावर वाढला. आता बँडमध्ये दमाचे काम सिंथेसायझरच्या एका दाबून ठेवलेल्या पट्टीवर होते. तिला नाकाने श्वास घ्यावा लागत नाही, गाल फुगवावे लागत नाहीत, बिदागीही लागत नाही. सूर मिळतो, तोही पक्का. ज्या जागेवर बसून पुढचा दुदुकवादक तयार होत असे, ती जागा मात्र त्या पट्टीने घेतली आहे, आणि येरेवानच्या तालमीच्या खोल्यांत आज दुसरा दुदुक बहुतेक वेळा त्याच्या पेटीतच राहतो.